आभासी सफरीतून ग्रंथालये पाहताना नजर कशावर ठेवावी?

ग्रंथसेविका

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. आमच्याकडे दर महिन्याला वाचकांची बैठक भरते आणि तिला निवृत्त शिक्षक, काही गृहिणी व आठवी-नववीची मुले नियमित येतात. पुढील बैठकीत जगातील सुंदर ग्रंथालये आभासी सफरीतून, प्रोजेक्टरवर दाखवावीत असे आम्ही ठरवले आहे. यांतील बहुतेकांना ती ठिकाणे प्रत्यक्ष पाहण्याचा योग येणे कठीण आहे. म्हणूनच हा कार्यक्रम नुसता चित्रे सरकवण्याचा होऊ नये असे मला मनापासून वाटते.

तयारीसाठी मी प्राग, व्हिएन्ना, डब्लिन, कोइम्ब्रा, वॉशिंग्टन अशा अनेक ठिकाणची दालने पडद्यावर फिरून पाहिली. अडचण अशी की थोड्याच वेळात ती सारखी भासू लागतात. सोनेरी नक्षी, छताला भिडलेली कपाटे, वर चित्रे, मध्ये दोन पृथ्वीगोल असे एक दृश्य जाते, तसेच दुसरे येते आणि ‘किती सुंदर’ यापलीकडे बोलण्यासारखे काही हाती लागत नाही. तेव्हा दीड तासाच्या बैठकीसाठी कोणती ग्रंथालये निवडावीत आणि दालन समोर आल्यावर नजर कशावर ठेवावी, हे जाणकारांनी सांगावे. प्रत्यक्ष जाऊन आलेल्या कोणी पडद्यावर काय मिळते आणि काय मिळत नाही हेही लिहिले तर फार उपयोग होईल.

वास्तुरेखा

ताई, माझे पहिले सांगणे असे की दीड तासात एकच दालन दाखवा, फार तर दोन. ही दालने ज्यांनी बांधली त्यांनी ती एका नजरेत संपावीत म्हणून बांधली नव्हती. कपाटांची मांडणी, छतावरील चित्रे आणि ग्रंथांचे विषय यांचा मिळून एक विचार तेथे मांडलेला असतो, आणि तो उलगडायला वेळ लागतो. आपल्याला सगळी दालने सारखी वाटली याचे कारण तो वेळ मिळाला नाही, इतकेच.

माझी निवड प्रागमधील स्त्राहोव्ह मठाच्या ग्रंथालयाची, आणि त्यातही तत्त्वज्ञान दालनाची आहे. तेथे सर्वसाधारण प्रवाशाला दालनात पाऊल टाकता येत नाही. माणसांच्या वावराने हवेतील आर्द्रता बदलते आणि त्याचा चित्रांवर व ग्रंथांवर परिणाम होतो, म्हणून लोकांना उंबरठ्यापाशी थांबवले जाते. याच दालनाचे २०११ साली ४० गिगापिक्सेलचे, म्हणजे सुमारे ४,००० कोटी बिंदूंचे, सर्व दिशांना फिरवता येणारे छायाचित्र घेण्यात आले. अशा कामात लांब पल्ल्याची लेन्स लावलेला कॅमेरा यांत्रिक बैठकीवर एकाच जागी ठेवतात, तो थोडा थोडा वळवत एकमेकांवर किंचित चढणारी हजारो छायाचित्रे टिपतात आणि संगणकावर ती जोडतात. परिणामी, दारात उभ्या असलेल्या माणसाला जी ग्रंथांची पाठ केवळ तपकिरी रेघ म्हणून दिसते, ती आपल्याला पडद्यावर अक्षरांसह वाचता येते. येथे आभासी सफर प्रत्यक्ष भेटीहून पुढे जाते, आणि बैठकीची सुरुवात याच गोष्टीने करावी असे मी सुचवीन.

दालनाची लांबी सुमारे ३२ मीटर, रुंदी १० मीटर आणि उंची १४ मीटर आहे. रुंदीपेक्षा उंची जास्त का, हा प्रश्न मुलांना विचारा, कारण त्याच्या उत्तरात एक सबंध कालखंड आहे. त्या वेळी प्रागवर राज्य करणारा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८० नंतरच्या दशकात आपल्या राज्यातील कितीतरी मठ बंद केले. दक्षिण मोराव्हियातील, म्हणजे आजच्या चेक देशातील, लोउका येथील मठही त्यांत गेला. तेथील ग्रंथालयाची अक्रोडाच्या लाकडाची कोरीव कपाटे स्त्राहोव्हच्या मठाने मिळवली आणि त्यांच्या मापाने दालनाची उंची वाढवण्यात आली. एरवी इमारत आधी होते आणि सामान नंतर येते; येथे कपाटांनी छत ठरवले. त्याच इमारतीच्या दर्शनी बाजूवर मठवासीयांनी जोसेफची प्रतिमाही बसवली आहे. मठ बंद करणाऱ्या राजाची प्रतिमा मठाच्याच भिंतीवर पाहताना, तगून राहण्यासाठी त्या लोकांना किती सावधपणे पावले टाकावी लागली असतील हे जाणवते.

यानंतर छताकडे वळावे. ते चित्र फ्रांत्स आंतोन माउलबेर्च या चित्रकाराने १७९४ साली, वयाच्या सत्तरीत, एका सहाय्यकाच्या मदतीने सुमारे सहा महिन्यांत पूर्ण केले. त्याच्या एका टोकाला ईश्वरी नियमांच्या पाट्या घेतलेला बायबलमधील मोझेस आहे, समोरच्या टोकाला अथेन्समध्ये उपदेश करणारा संत पॉल आहे आणि या दोहोंच्या मध्ये, लांब बाजूंवर, ग्रीक तत्त्वज्ञ येतात. पिंपातला डायोजिनीस आणि शिष्य अलेक्झांडरसह अ‍ॅरिस्टॉटल मुलांना शोधायला सांगा, ती रमतील. मोठ्यांना मात्र मांडणी दाखवावी. दालनाचे नाव तत्त्वज्ञानाचे, खाली कपाटांत इतिहास, निसर्गविज्ञान, गणित अशा विषयांचे ग्रंथ; पण छत सांगते की या सर्व शोधाच्या एका टोकाला मोझेसचा नियम आहे आणि दुसऱ्या टोकाला ख्रिस्ताचा संदेश. युरोपात धर्मसत्तेला उघड प्रश्न विचारले जात होते त्या दशकात एका मठाने दिलेले हे उत्तर आहे. ते पटो वा न पटो, ते इतक्या स्पष्टपणे रंगांत मांडलेले आहे की त्यावर तुमच्या निवृत्त शिक्षकांमध्ये चांगली चर्चा होईल.

दाखवताना एक काळजी घ्यावी. अशा छायाचित्रांत दृश्य फार रुंद ठेवले की सरळ कडा वाकतात आणि दालन आहे त्यापेक्षा मोठे भासते. म्हणून थोडे झूम करून, माणसाच्या नजरेला जेवढे दिसेल तेवढेच ठेवून, संथपणे फिरवावे. वेळ उरला तर त्याच मठातील १६७१ ते १६७९ या काळात झालेले धर्मशास्त्र दालन दाखवावे. ते ठेंगणे, जड गिलाव्याच्या नक्षीचे आहे. त्याच्या दाराच्या वरच्या बाजूला निषिद्ध ग्रंथ कुलपात ठेवण्याचे कपाट आहे, आणि अनेक ग्रंथ एकाच वेळी उघडे ठेवून वाचता यावेत म्हणून केलेले फिरते मेज आहे.

डॅन्यूबकाठी

मी नोकरीनिमित्त ऑस्ट्रियात राहतो. वास्तुरेखा यांनी ‘एकच दालन’ हा जो आग्रह धरला आहे तो मला पूर्ण मान्य आहे. पण शाळकरी मुले असतील तर पहिले दालन आडमाँटचे असावे, असे माझे मत आहे.

श्टायरमार्क प्रांतात, डोंगरांनी वेढलेल्या दरीत आडमाँटचा, संत बेनेडिक्टच्या पंथाचा (बेनेडिक्टाइन) मठ आहे. त्याचे ग्रंथदालन योझेफ ह्युबर या वास्तुकाराने १७७६ साली पूर्ण केले. ७० मीटर लांबीचे हे दालन मठातील ग्रंथदालनांमध्ये जगातील सर्वांत मोठे मानले जाते. स्त्राहोव्हचे दालन गडद लाकडाचे आणि गंभीर आहे, तर हे पांढरे व सोनेरी आहे आणि ४८ खिडक्यांतून त्यात उजेड येतो. छतावर सात घुमट आहेत. बार्तोलोमेओ आल्तोमोंते याने ऐंशीच्या घरात असताना ते रंगवले आणि त्यांत मानवी ज्ञानाच्या पायऱ्या क्रमाने दाखवून मधल्या घुमटात ईश्वरी साक्षात्कार ठेवला. आता खाली, त्याच मधल्या भागात, योझेफ श्टामेल या शिल्पकाराची मृत्यू, अंतिम निवाडा, स्वर्ग आणि नरक अशी चार शिल्पे उभी आहेत. ती पाहणाऱ्याला काशाची वाटतात. प्रत्यक्षात ती लिंडेन वृक्षाच्या लाकडाची असून त्यांना तसा रंग दिला आहे. वर उजेड आणि ज्ञान, खाली मृत्यूचा सांगाडा आणि नरकाचे चेहरे, हा विरोध इतका ठळक आहे की तो मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

पडद्यावर काय मिळत नाही, असे आपण विचारले आहे. सर्वांत आधी जमीन. आडमाँटला पांढऱ्या, तांबड्या आणि करड्या संगमरवराचे ७,००० हून अधिक तुकडे अशा रीतीने बसवले आहेत की चालताना ती फरशी कधी पायऱ्यांसारखी, कधी ठोकळ्यांसारखी उठून येते. एका जागेवरून घेतलेल्या छायाचित्रात हा खेळ थांबतो, कारण तो पाहणाऱ्याच्या चालण्यावर अवलंबून आहे. दुसरी गोष्ट उजेडाची. ढग आले की दालनातील सोनेरी रंग विझतो आणि ऊन पडताच पुन्हा उजळतो. आभासी सफरीत कायम एकच, सर्वांत देखणी वेळ असते. तिसरी गोष्ट वासाची आणि शांततेची, तिच्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. उलट पडद्यावर जे जास्त मिळते ते छत. प्रत्यक्षात मान वर करून ते फार वेळ पाहता येत नाही आणि मागून येणारी मंडळीही थांबू देत नाहीत.

या मठाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावी. १८६५ साली लागलेल्या आगीत मठाचा बहुतेक भाग जळाला, पण ग्रंथालय वाचले. पुढे १९३० च्या दशकातील आर्थिक अडचणीत मठाला आपल्या संग्रहातील काही अमूल्य वस्तू विकाव्या लागल्या. आज ते दालन पाहताना जे शिल्लक आहे त्याचे मोल त्यामुळे अधिक कळते.

ग्रंथसेविका

दोघांचेही मनापासून आभार. स्त्राहोव्हचे छायाचित्र मी आज पुन्हा, वरील क्रमाने पाहिले आणि या वेळी खरोखर निराळे काही दिसले. एक शंका मात्र राहते. ही सारी चर्चा कपाटांची, छताची, फरशीची झाली. आमचे सभासद वाचक आहेत. ते नक्की विचारतील की या ग्रंथांत आहे काय, आणि त्यांतील एखादा उघडून पाहता येतो का. दालन पाहून ग्रंथ मिटलेलाच राहिला तर मलाही ते अपुरे वाटेल.

पोथीशाळा

आपली शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. माझे काम हस्तलिखितांच्या जतनाचे आहे आणि माझ्या मते ग्रंथालयाची आभासी सफर ही तेथील डिजिटल हस्तलिखितांना जोडूनच पाहावी. दालनातून ग्रंथाकडे आणि ग्रंथातून पुन्हा दालनाकडे जाता येईल असे सर्वांत उत्तम ठिकाण म्हणजे स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन.

तेथील मठाची परंपरा आठव्या शतकापासूनची आहे. आज जे लाकडी, वळणदार सज्ज्यांचे दालन आपण पाहतो ते १७५८ ते १७६७ या काळात झाले, आणि १९८३ साली मठाच्या परिसराला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. १८०५ साली मठ विसर्जित झाला, तरी ग्रंथालय जागच्या जागी राहिले. येथे सुमारे २,१०० हस्तलिखिते आहेत, आणि त्यांतील ४०० हून अधिक इसवी सन १००० च्या आधीची आहेत. त्यांतील पुष्कळशी ‘ई-कोडिसेस’ या स्विस संकेतस्थळावर पानन् पान, मोठ्या आकारात आणि विनामूल्य पाहता येतात.

बैठकीसाठी त्यांतील एकच वस्तू घ्या: नवव्या शतकाच्या पूर्वार्धातील मठाचा आराखडा. चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून केलेला हा आराखडा सुमारे ११२ सेंटिमीटर लांब आणि ७७ सेंटिमीटर रुंद आहे. तो राइखेनाऊच्या मठात तयार झाला आणि सेंट गालेनचा मठाधिपती गोत्सबेर्ट याच्यासाठी पाठवण्यात आला. त्यात चर्च, पाकशाळा, भट्टी, रुग्णालय, औषधी वनस्पतींची बाग, कोंबड्यांचे खुराडे असे सारे तांबड्या रेषांत आखलेले असून प्रत्येकाजवळ काय ते लिहिले आहे. यात ग्रंथालयही आहे. चर्चच्या अंगाला खाली लेखनिकांची बसण्याची जागा आणि वरच्या मजल्यावर ग्रंथ, अशी नोंद त्यावर स्पष्ट आहे. खाली लिहायचे आणि वर ठेवायचे, ही ग्रंथालयाची कल्पना इतक्या जुन्या रेषांत पाहून नंतर अठराव्या शतकातील भव्य दालनात शिरले की मधल्या ९०० वर्षांत ग्रंथांचे स्थान कसे बदलले ते आपोआप लक्षात येते. लेखनिकांची खोली गेली, आणि दालन पाहुण्यांना दाखवण्याजोगे झाले.

हा आराखडा टिकला कसा, तेही सांगण्यासारखे आहे. बाराव्या शतकात कोणीतरी त्याच्या मागील कोऱ्या बाजूवर संत मार्टिनचे चरित्र लिहिले आणि ते चर्मपत्र घडी घालून पुस्तकासारखे करण्यात आले. चरित्र म्हणून ते जपले गेले आणि त्याबरोबर आराखडाही राहिला. आमच्या कामात अशा गोष्टी वारंवार समोर येतात. जुन्या बाडाची मागची बाजू पाहिल्याशिवाय ते बाजूला ठेवू नये, हे आम्ही प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो.

दुसरे दालन हवेच असेल तर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील ‘लाँग रूम’ घ्यावे, पण निराळ्या कारणासाठी. १७१२ ते १७३२ या काळात बांधलेले, सुमारे ६५ मीटर लांबीचे हे दालन आधी सपाट छताचे होते. १८०१ पासून कॉलेजला ब्रिटन व आयर्लंडमध्ये प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत मिळण्याचा हक्क मिळाला, कपाटे भरली, आणि १८६० च्या सुमारास छत उचलून वरच्या सज्ज्यातही कपाटे बसवण्यात आली. आज सर्वांना आवडणारी ती लाकडी कमान जागेच्या टंचाईतून आली आहे. २०१९ साली पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला लागलेल्या आगीनंतर अशा इमारतींच्या सुरक्षिततेचा प्रश्न अधिकच तीव्र झाला, आणि २०२२ पासून या दालनातील सुमारे दोन लाख ग्रंथ बाहेर काढण्याचे काम सुरू झाले. प्रत्येक ग्रंथाची धूळ काढायची, त्याला ओळखपट्टी लावायची आणि नियंत्रित हवामानाच्या कोठारात न्यायचे, असे ते काम आहे. त्यामुळे आधी घेतलेल्या आभासी सफरीत आपल्याला जे भरलेले दालन दिसते ते काम सुरू झाल्यानंतर जाणाऱ्या प्रवाशाला तसे दिसत नाही. त्या सफरी आता दालनाच्या पूर्वस्थितीची नोंद झाल्या आहेत, आणि या दृष्टीने त्यांचे मोल मला फार वाटते. तेथील ‘बुक ऑफ केल्स’ हे इसवी सन ८०० च्या सुमाराचे सचित्र हस्तलिखितही कॉलेजच्या संकेतस्थळावर पूर्ण पाहता येते; काचेच्या पेटीत मात्र एका वेळी एकच उघडलेली जोडपाने दिसतात.

अपरान्त

वरील चर्चेत एक छोटी भर. मुलांसाठी पोर्तुगालमधील कोइम्ब्रा विद्यापीठाचे जोआनिना ग्रंथालय विसरू नका. १७१७ ते १७२८ या काळात उभ्या राहिलेल्या या दालनात वटवाघळे राहतात आणि रात्री बाहेर पडून ग्रंथ खाणारे कीटक टिपतात. खालची मेजे खराब होऊ नयेत म्हणून रोज संध्याकाळी ती चामड्याच्या आवरणांनी झाकली जातात. आभासी सफरीत वटवाघळे दिसत नाहीत, पण ही माहिती आधी दिली तर मुले सज्ज्यांच्या आणि कपाटांच्या सांदी-कोपऱ्यांत नजर घालतात, आणि त्या निमित्ताने दालन बारकाईने पाहिले जाते.

आधुनिक ग्रंथालये दाखवायची असल्यास थोडी सावधगिरी बाळगावी. चीनमधील तिआनजिन येथे २०१७ साली उघडलेले बिन्हाई ग्रंथालय छायाचित्रांत अथांग पुस्तकांचे वाटते. परंतु त्याच्या वरच्या फळ्यांवर पुस्तके नसून पत्र्यावर छापलेली पुस्तकांची चित्रे आहेत. इमारत म्हणून ती नक्कीच पाहण्यासारखी आहे, फक्त वाचकांना ही गोष्ट आधी सांगावी.

शेवटी, पोथीशाळा यांनी दालन आणि हस्तलिखित यांची जी जोडी सुचवली आहे ती आपल्याजवळही जुळते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीची टाउन हॉलची इमारत १८३३ साली पूर्ण झाली, आणि संस्थेच्या ‘ग्रंथ संजीवनी’ या डिजिटल संग्रहात दुर्मिळ पुस्तके व नियतकालिके ठेवली आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजांनी वाढवलेल्या संग्रहात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर आहेत. बैठकीनंतर कोणाला मराठीतच पुढे जावेसे वाटले, तर त्यांना ही दोन ठिकाणे सुचवता येतील.

ग्रंथसेविका

सर्वांची मी ऋणी आहे. चर्चेनंतर मी असे योजले आहे की पहिल्या भागात सेंट गालेनचा आराखडा पडद्यावर लावायचा आणि मुलांना त्यातले ग्रंथालय शोधायला सांगायचे. मग स्त्राहोव्हचे तत्त्वज्ञान दालन, दारापासून छतापर्यंत, घाई न करता. आडमाँट आणि डब्लिन पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवते. आमच्याकडे इंटरनेट मंद आहे आणि झूम केल्यावर चित्र स्पष्ट व्हायला वेळ लागतो, त्यामुळे आदल्या संध्याकाळी त्याच संगणकावर ते सर्व भाग एकदा उघडून पाहीन. वास्तुरेखा, मोझेसकडून ग्रीक तत्त्वज्ञांकडे जाताना छताच्या कोणत्या बाजूने फिरावे हे आपण लिहिलेत तर त्या क्रमाने मी टिपण तयार करीन.